ऑकलंडचे जॉन लोगन कॅम्पबेल आणि एका झाडाची टेकडी



शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आपल्याकडची बरीच मुले आता न्यूझीलंडला जाऊ लागली आहेत. त्या देशातले सर्वांत मोठे शहर म्हणजे ऑकलंड. या शहराच्या मधोमध एक हिरवी टेकडी आहे. उतारावर मेंढ्या चरतात, पायथ्याला मोठे उद्यान आहे आणि माथ्यावर एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. इंग्रजीत तिला ‘वन ट्री हिल’ म्हणजे ‘एका झाडाची टेकडी’ म्हणतात. मूळ माओरी लोकांच्या भाषेत तिचे नाव आहे माउंगाकीएकीए, म्हणजे कीएकीए नावाच्या वेलीचा डोंगर. माथ्यावरच्या त्या स्तंभाजवळ एका स्कॉटिश माणसाची कबर आहे. त्याचे नाव जॉन लोगन कॅम्पबेल. ऑकलंडची मंडळी त्यांना शहराचा पिता मानत आली. या रविवारी त्यांचे चरित्र सांगण्याचा आमचा विचार आहे.

कॅम्पबेल यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८१७ रोजी एडिंबरो येथे झाला. वडील डॉक्टर, आजोबा सर किताब असलेले जमीनदार. घराणे मोठे असले तरी नातवाच्या वाट्याला इस्टेट येण्यासारखी नव्हती. त्याने आपले नशीब आपणच काढावे, असा हिशेब होता. १८३९ साली त्यांनी एडिंबरो विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीची वाट त्यांना मोकळी झाली होती. पण तरुण डॉक्टरांचे मन तिकडे रमेना. ती चाकरी सोडून ते ‘पामायरा’ नावाच्या जहाजावर डॉक्टर म्हणून चढले आणि ऑस्ट्रेलियाकडे निघाले. मनात योजना अगदी सरळ होती. नव्या मुलखात काही वर्षे राहायचे, भरपूर पैसा गाठीशी बांधायचा आणि मायदेशी परतून सुखाने राहायचे. आपल्याकडे आखातात गेलेले कित्येक जण हाच बेत करून विमानात बसले होते, त्यामुळे हा भाग समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच जहाजावर विल्यम ब्राउन नावाचे एक स्कॉटिश वकील आपल्या पत्नीसह प्रवास करीत होते. या दोघांची मैत्री झाली आणि पुढे तीच भागीदारीत बदलली. ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळून श्रीमंत व्हावे हा कॅम्पबेल यांचा पहिला विचार तिथे पोहोचल्यावर मावळला. न्यूझीलंड ब्रिटिश राजवटीखाली येत आहे अशी बातमी होती. एप्रिल १८४० मध्ये ते त्या देशाच्या कोरोमंडल नावाच्या किनाऱ्यावर उतरले. (हे नाव आपल्या पूर्व किनाऱ्यावरूनच तिथे गेले आहे. कोरोमंडल नावाचे ब्रिटिश जहाज पूर्वी तिथे येऊन गेले होते.) तिथे ब्राउन पुन्हा भेटले. कॅम्पबेल यांचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते.

त्यानंतरचे काही महिने त्यांच्या आयुष्यातले बहुधा सर्वांत आनंदाचे असावेत. ते माओरी वस्तीत राहिले, त्यांच्या होड्यांतून फिरले, त्यांचे अन्न खाल्ले, भाषा थोडीफार शिकले. पुढे म्हातारपणी त्यांनी ‘पोएनामो’ नावाचे आठवणींचे पुस्तक १८८१ साली प्रसिद्ध केले, तेव्हा चाळीस वर्षांच्या व्यापाराचा हिशेब मांडण्याऐवजी त्यांनी जवळजवळ सगळी पाने या पहिल्या दिवसांनाच दिली. ज्या माणसांमध्ये आपण पाहुणे होतो त्यांच्याविषयी त्या पुस्तकात माया आहे. ती खोटी नाही, असे आम्हांला वाटते.

आता जमिनीकडे वळू. जमीन म्हटली की आपल्या भागात सगळ्यांचेच कान टवकारतात, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचावा.

६ फेब्रुवारी १८४० रोजी वायटांगी येथे ब्रिटिश सरकार आणि माओरी प्रमुख यांच्यात करार झाला. त्यातल्या एका कलमाप्रमाणे माओरींना जमीन विकायची असेल तर ती सरकारनेच प्रथम घ्यायची, खासगी गोऱ्या माणसाने परस्पर घ्यायची नाही. ब्राउन आणि कॅम्पबेल यांनी वायटेमाटा बंदराच्या काठावर, म्हणजे जिथे आज ऑकलंड शहर आहे तिथे, जमीन मिळते का ते पाहिले. तिथल्या न्गाती फातुआ जमातीने नकार दिला. त्यांच्या मनात ती जागा गव्हर्नरला द्यायची होती, कारण गव्हर्नर शेजारी आला तर शत्रू जमातींपासून संरक्षण मिळेल आणि व्यापारही येईल. मग या दोघांनी मे १८४० मध्ये न्गाती तामातेरा जमातीच्या प्रमुखांकडून बंदराच्या तोंडाशी असलेले मोटुकोरिया हे छोटे बेट घेतले. तिथे गवती झोपडी बांधून ते डुकरे पाळत बसले, आणि गव्हर्नर राजधानी कुठे वसवतो याची वाट पाहू लागले. कराराच्या दृष्टीने ही खरेदी उशिरा झाली होती, म्हणून पहिल्या गव्हर्नरांनी ती मान्य केली नाही. १८४४ साली दुसऱ्या गव्हर्नरांनी ती मान्य केली. ओळखी, अर्ज, चिकाटी या गोष्टी तेव्हाही उपयोगी पडत.

१८ सप्टेंबर १८४० रोजी समोरच्या किनाऱ्यावर ब्रिटिश निशाण चढले. बेटावरून त्यांना हवी होती तीच गोष्ट घडली होती. २० ऑक्टोबरला सरकारने न्गाती फातुआ जमातीकडून सुमारे ३,००० एकर जमीन घेतली. तिचे खरेदीखत आजही उपलब्ध आहे. रोख ५० पौंड, ५० ब्लँकेटे, २० विजारी, २० सदरे, तंबाखूची ४ पिंपे, चिलमींची एक पेटी, कापडाचे तुकडे, १० लोखंडी भांडी, साखरेचे एक पोते, पिठाचे एक पोते आणि २० कुऱ्हाडी. एवढ्यावर एका महानगराची जमीन हातची गेली. पुढच्याच वर्षी, १९ एप्रिल १८४१ रोजी, सरकारने त्यांपैकी चाळीस-चव्वेचाळीस एकरांचे भूखंड पाडून लिलाव केला आणि २४ हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. या आकड्यांवर आम्ही काही भाष्य करीत नाही. आपल्या भागात बिल्डरने आजोबांकडून काय भावाने जमीन घेतली आणि दोन वर्षांनी चौरस फुटाचा भाव काय झाला, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना भाष्य नको आहे.

डिसेंबर १८४० मध्ये कॅम्पबेल बेट सोडून किनाऱ्यावर आले आणि एका तंबूत दुकान थाटले. शहराची पहिली व्यापारी पेढी ती हीच, ब्राउन आणि कॅम्पबेल. लिलावात घेतलेल्या भूखंडावर १८४१ साली त्यांनी अॅकेशिया कॉटेज नावाचे छोटे लाकडी घर बांधले. हे घर पुढे १९२० साली उचलून टेकडीच्या पायथ्याशी नेले आणि ऑकलंडचे सर्वांत जुने टिकलेले लाकडी घर म्हणून ते आजही दाखवले जाते. वैद्यकी त्यांनी फारशी केली नाही. कापड, मद्य, लोखंडी सामान, धान्य, जे जहाजाने येईल ते विकायचे आणि जे इथे मिळेल ते जहाजात भरायचे, असा धंदा. १८४४ च्या अखेरीस त्यांनी ‘बोलिना’ नावाचे जहाज भाड्याने घेऊन कौरी वृक्षाचे सोट, त्याच वृक्षाचा राळेसारखा डिंक आणि खनिज असा माल थेट ब्रिटनला पाठवला. ऑकलंडहून थेट ब्रिटनला माल घेऊन गेलेले हे पहिले जहाज. १८४७ साली सुरू झालेल्या ऑकलंड बचत बँकेच्या पहिल्या विश्वस्तांतही ते होते.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. त्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत या शहराला पोसले ते माओरी शेतकऱ्यांनी. बटाटे, मका, डुकरे, मासे, जळाऊ लाकूड, सगळे त्यांच्या होड्यांतून येई. व्यापारी पेढ्यांचे गल्ले भरत होते ते या गिऱ्हाइकांमुळे आणि या पुरवठादारांमुळे. शहराचा पिता एकच असतो असे मानण्याची आपल्याला सवय असते. पण बाळाला दूध कोणी पाजले, हेही विचारले पाहिजे.

राजकारणात कॅम्पबेल यांना ओढले ते ब्राउन यांनी. ब्राउन यांनी १८४३ साली ‘सदर्न क्रॉस’ हे वृत्तपत्र काढले आणि गव्हर्नरांवर टीकेची झोड उठवली. जमिनीचे व्यवहार खुले करावेत, कर कमी करावेत, कारभार वसाहतीतल्या लोकांच्या हाती द्यावा, या त्यांच्या मागण्या होत्या. १८५२ च्या कायद्याने देशाला प्रांत आणि निवडून आलेली सभा मिळाली. १८५५ साली आधी ब्राउन ऑकलंड प्रांताचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटी कॅम्पबेल त्या जागी आले. ते संसदेतही निवडून आले आणि १८५६ मध्ये काही महिने खात्याविना मंत्री होते. त्या काळातल्या ऑकलंडच्या निवडणुका खोट्या मतदारांसाठी आणि फुकटच्या दारूसाठी पुढे बरीच वर्षे बदनाम राहिल्या. दोन्ही पक्षांचे हात त्यात सारखेच मळलेले होते. कॅम्पबेल यांना या उद्योगाचा लवकरच कंटाळा आला. १८६० साली ते पुन्हा एकदा संसदेत गेले, पण वर्षभरात बाहेर पडले. भाषणे ठोकणारा, माणसे जमवणारा असा त्यांचा पिंड नव्हता. पेढीवर बसून हिशेब पाहणारा, कमी बोलणारा, घरी चांगली चित्रे आणि पुस्तके असावीत असे वाटणारा हा माणूस. राजकारणातली त्यांची कामगिरी इथेच आटोपती घेतली तरी त्यांच्यावर अन्याय होणार नाही.

१८५३ साली या दोन भागीदारांनी माउंगाकीएकीए भोवतालची सुमारे १,००० एकरांची इस्टेट दुसऱ्या एका गोऱ्या व्यापाऱ्याकडून विकत घेतली. ‘वन ट्री हिल’ हे नाव या इस्टेटीला कॅम्पबेल यांनी दिले. डोंगराचा माथा ही सरकारी राखीव जागा होती. त्याच्या चहूबाजूंची कुरणे यांची झाली.

हा डोंगर म्हणजे काही ओसाड टेकाड नव्हते. शांत झालेल्या ज्वालामुखीच्या उतारावर माओरींनी हातांनी पायऱ्यापायऱ्यांच्या सपाट जागा खोदल्या होत्या. तिथे घरे होती, रताळ्यांची कोठारे होती, पायथ्याशी दगडी बांध घातलेली शेते होती. वायोहुआ जमातीचे मोठे तटबंदी गाव इथे होते आणि अठराव्या शतकात न्गाती फातुआंनी त्यांचा पाडाव करून हा मुलूख घेतला. म्हणजे जमिनीसाठी रक्त तिथेही आधी सांडले होते. माओरी परंपरा सांगते की माथ्यावर एका प्रमुखाच्या मुलाची नाळ पुरली होती आणि तिथे टोटारा जातीचे पवित्र झाड उगवले. नाळ पुरलेली जागा म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गोरे लोक आले तेव्हा त्या माथ्यावर एकच झाड उभे होते. १८५२ साली कोणा वसाहतवाल्याने ते तोडले. कॅम्पबेल यांनी इस्टेट घेतली आणि तिला झाडाचे नाव दिले, तेव्हा ते झाड नव्हतेच.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही जॉन लॉक वाचला होता. सतराव्या शतकातल्या या इंग्रज विचारवंताचे म्हणणे थोडक्यात असे की जो माणूस जमिनीत श्रम घालतो त्याची ती जमीन होते. वाचायला विचार न्याय्य वाटतो. पण वसाहतींमध्ये तो वापरला गेला तो असा की जिथे युरोपियन पद्धतीचे कुंपण आणि नांगर दिसत नाही तिथे श्रमच झाले नाहीत. या डोंगराच्या अंगावरच्या शेकडो पायऱ्या कुणी खोदल्या, हा प्रश्न विचारला असता तर लॉकच्याच न्यायाने उत्तर वेगळे आले असते. गंमत म्हणजे त्याच काळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीनदार लोक मेंढ्यांसाठी कुरणे हवीत म्हणून कुळांना पिढीजात जमिनींवरून हुसकून लावत होते. कुळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ते दुःख समजेल. हुसकलेले स्कॉटिश शेतकरी जहाजात बसून जिथे उतरले, तिथे दुसरे कोणी हुसकले गेले.

आता हिंदुस्थानशी आलेला त्यांचा संबंध सांगतो. कॅम्पबेल यांनी कंपनीची चाकरी सोडली खरी, पण लग्न मात्र हिंदुस्थानात केले. फेब्रुवारी १८५८ मध्ये मेरठ येथे एमा विल्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेरठ म्हणजे ज्या छावणीतून नऊ महिन्यांपूर्वी १८५७ चा उठाव पेटला तेच. एमा यांचे वडील जॉन क्रॅक्रॉफ्ट विल्सन हे कंपनी सरकारचे मोठे अधिकारी. ते पुढे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्चजवळ स्थायिक झाले आणि आपल्या टेकडीवरच्या इस्टेटीला काश्मीरवरून ‘कॅशमेअर’ नाव दिले. त्यांच्यासोबत हिंदुस्थानी नोकरही तिकडे गेले होते. त्या शहराचा तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो.

पैसा आता पुरेसा झाला होता. १८६१ साली कॅम्पबेल कुटुंब घेऊन युरोपला गेले आणि जवळजवळ दहा वर्षे तिकडेच राहिले. कायमचे परतायचे, हा जुना बेत पुरा होत आला होता. इकडे १८६३ मध्ये वायकाटोचे युद्ध झाले आणि सरकारने त्या भागातली माओरींची सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त केली. ज्या होड्यांनी शहराला अन्न आणले होते त्या येईनाशा झाल्या. कॅम्पबेल तेव्हा इटलीतली चित्रे पाहत होते. पेढीचा कारभार मात्र बिघडत चालला, म्हणून १८७१ साली ते व्यवहार गुंडाळण्यासाठी परत आले. वय ५३. दोन-तीन वर्षांत सगळे विकून निघायचे ठरले होते. ते कधीच निघाले नाहीत.

१८७३ साली ब्राउन यांचा हिस्सा त्यांनी मोठी रक्कम देऊन विकत घेतला. या वाटणीत जुन्या मित्रांमध्ये कटुता आली ती आलीच. मोटुकोरियाच्या झोपडीत एका भांड्यात जेवलेली ही दोन माणसे. भावाभावांच्या वाटण्या मिटवण्यासाठी पॅरिश ऑफिसात बसण्याची वेळ आमच्यावर येते, तेव्हा आम्हांला हेच दिसते: बहुतेक वेळा हिशेब दोघांचाही बरोबर असतो. त्यानंतर १८८० च्या दशकात मंदी आली, जमिनीचे भाव कोसळले, कर्ज वाढले. इस्टेटीवर त्यांनी ऑलिव्हची हजारो रोपे लावली होती. तेल काढून धंदा करायचा बेत होता, तो फसला. ती ऑलिव्हची राई मात्र अजून उभी आहे. १८८० साली थोरली मुलगी ईडा वारली. पार्नेल भागात समुद्राकडे तोंड करून त्यांनी ‘किलब्राइड’ नावाचे देखणे घर बांधले. पण त्या घरात राहणारा म्हातारा बँकेच्या पत्रांना घाबरत होता, अशी ती वर्षे होती.

त्यांना तारले ते बिअरने. पेढीचा मद्याचा धंदा पहिल्यापासून होताच, बिअर गाळण्याचा कारखानाही होता. १८९७ साली लुई एरेनफ्रीड यांच्या कारखान्याशी तो जोडला गेला आणि एरेनफ्रीड यांचे हुशार भाचे आर्थर मायर्स यांनी नवी कंपनी भरभराटीला आणली. वयाच्या ऐंशीव्या वर्षी कॅम्पबेल कर्जातून सुटले. न्यूझीलंडमध्ये दारूबंदीची चळवळ तेव्हा जोरात होती. १९११ च्या मतदानात निम्म्याहून अधिक लोकांनी देशभर दारूबंदीला मत दिले होते, केवळ ६० टक्क्यांची अट होती म्हणून ती आली नाही. तेव्हा ज्या देणगीसाठी हे नाव अजरामर झाले तिच्यामागे दारूच्या गुत्त्यांत खर्च झालेली मजुरांची मजुरीही होती, हे सांगितलेच पाहिजे. आपल्याकडच्या किती घरांतला पगार तसाच जातो, हे आम्ही जाणतो, म्हणून ही गोष्ट गाळून पुढे जाववत नाही.

आणि आता ती देणगी. १९०१ साली ब्रिटिश गादीचे वारस, कॉर्नवॉल आणि यॉर्कचे ड्यूक, पत्नीसह ऑकलंडला येणार होते. पुढे राजा झाल्यावर १९११ साली हेच दांपत्य मुंबईला उतरले आणि त्यांच्या आगमनाच्या आठवणीसाठी आपले गेटवे ऑफ इंडिया बांधले गेले. त्यांच्या स्वागतासाठी शहराच्या वतीने कोणी उभे राहावे? लोकांनी ८३ वर्षांच्या कॅम्पबेल यांना गळ घातली आणि त्यांना काही महिन्यांसाठी महापौर केले. १० जून १९०१ रोजी, पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी, कॅम्पबेल यांनी आपल्या इस्टेटीतील २३० एकर जमीन एका विश्वस्त मंडळाच्या हवाली केली. ती न्यूझीलंडच्या जनतेसाठी कायमची मोकळी राहावी, एवढीच इच्छा. पाहुण्यांच्या नावावरून तिला ‘कॉर्नवॉल पार्क’ असे नाव मिळाले आणि ऑगस्ट १९०३ मध्ये ते लोकांसाठी उघडले. जमिनीचे भाव पुन्हा चढू लागले होते. प्लॉट पाडून विकले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पुढे त्यात आणखी जमीन मिळाली आणि आज हे उद्यान ४०० एकरांहून मोठे आहे. कडेच्या काही जमिनी घरांसाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत आणि त्या भाड्यातून उद्यानाचा खर्च चालतो. आत जायला पैसे पडत नाहीत. आपल्या भागातली मोकळी मैदाने एकेक करून कशी नाहीशी झाली हे आठवले, की या दानाची किंमत कळते.

१९०२ साली त्यांना सर हा किताब मिळाला. १९०६ साली लोकवर्गणीतून त्यांचा पुतळा उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी उभा राहिला आणि तो त्यांनी जिवंतपणी पाहिला. २२ जून १९१२ रोजी, ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. परत जाण्यासाठी आलेल्या या माणसाला त्याच्या इच्छेप्रमाणे माउंगाकीएकीएच्या माथ्यावर पुरण्यात आले.

मृत्युपत्रात त्यांनी ५,००० पौंड ठेवले होते, माथ्यावर माओरी लोकांच्या सन्मानार्थ एक स्तंभ उभारण्यासाठी. तरुणपणी ज्यांच्या होडीत बसले त्यांची आठवण त्यांनी शेवटपर्यंत ठेवली, हे खरे. पण या इच्छेत एक समजूतही होती, आणि ती त्या काळी बहुतेक गोऱ्यांची होती: ही जमात आता संपत चालली आहे, तेव्हा तिचे स्मारक करावे. १८९६ च्या जनगणनेत माओरींची संख्या जेमतेम ४२ हजार भरली होती. कॅम्पबेल यांनी एका अर्थाने हयात माणसांचे स्मृतिस्थळ बांधायला सांगितले. माओरी संपले नाहीत. आज त्यांची संख्या कित्येक लाखांत आहे. स्तंभ १९४० च्या सुमारास बांधून झाला, परंतु रक्तपात चालू असताना स्मारकाचे अनावरण करू नये अशी माओरी रीत असल्यामुळे महायुद्ध संपेपर्यंत सगळे थांबले. २४ एप्रिल १९४८ रोजी तो उघडण्यात आला. आणि त्यानंतर चारच वर्षांच्या आत, राणीच्या भेटीपूर्वी शहर नीटनेटके दिसावे म्हणून, न्गाती फातुआंचे ओराकेई येथील उरलेले गाव रिकामे करून जाळण्यात आले. ज्यांनी ३,००० एकर दिले त्यांच्याकडे पाव एकराची दफनभूमी तेवढी राहिली. एका टेकडीवर सन्मानाचा स्तंभ आणि थोड्या अंतरावर ती राख, दोन्ही एकाच शहरात.

न्गाती फातुआंनी हे मुकाट सोसले नाही. १९७७-७८ मध्ये त्यांनी ओराकेई येथील बॅस्टियन पॉइंट या जागी ५०६ दिवस ठाण मांडले. शेवटी पोलिसांनी त्यांना उचलून नेले, पण पुढे तिथली बरीच जमीन त्यांना परत मिळाली.

झाडाची गोष्ट राहिली. कॅम्पबेल यांनी १८७० च्या दशकात माथ्यावर देशी झाडे लावली आणि त्यांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून भोवती परदेशी पाइन लावले. देशी रोपे जगली नाहीत, आडोशाचे पाइन वाढले. शेवटी त्यांतला एकच उरला आणि तोच ‘एका झाडाच्या टेकडीचे’ झाड म्हणून चित्रांत आणि पोस्टकार्डांवर आला. १९९४ साली एका माओरी कार्यकर्त्याने सरकारच्या जमीनविषयक धोरणाचा निषेध म्हणून त्या झाडावर यांत्रिक करवत चालवली. १९९९ मध्ये पुन्हा हल्ला झाला. झाड वाचले नाही आणि ऑक्टोबर २००० मध्ये ते काढून टाकावे लागले. कित्येक ऑकलंडकर त्या दिवशी रडले. ज्यांच्या पूर्वजांची नाळ तिथे पुरली होती त्यांचे झाड तर दीडशे वर्षांपूर्वीच गेले होते. मग सोळा वर्षे टेकडीला नाव होते, झाड नव्हते.

२०१४ साली संसदेने कायदा करून माउंगाकीएकीएसह ऑकलंडचे बरेचसे ज्वालामुखी डोंगर तेरा माओरी जमातींच्या समूहाच्या मालकीचे केले आणि शहराच्या महापालिकेबरोबर एकत्र कारभार ठरवला. कॉर्नवॉल पार्क कॅम्पबेल यांच्या विश्वस्तांकडेच राहिले, त्यांची कबर माथ्यावरच राहिली. जून २०१६ मध्ये एका पहाटे, प्रार्थना म्हणून, स्तंभाजवळ टोटारा आणि पोहुटुकावा या देशी झाडांची रोपे लावण्यात आली. ती त्याच डोंगरावरच्या झाडांपासून वाढवलेली होती. वाऱ्याला टिकावीत म्हणून त्यांच्याभोवती झुडपांचा आडोसा केला आहे, या वेळी देशी झुडपांचा. त्यांतले कोणते जोमाने वाढते ते पाहून पुढे एकच ठेवायचे, असे ठरले आहे.